राउटिंगचा भाग कुठून वाचू, सुगत?

सुगत, तू गेलास त्याला आज चोवीस दिवस झाले आणि मला अजून ठरवता येत नाहीये की राउटिंगचा भाग कुठल्या पुस्तकातून वाचायचा. हे कोणी ऐकलं तर म्हणेल, माणूस गेलाय आणि ही बाई पुस्तकाचं काय घेऊन बसली. मलाही तसंच वाटतं. पण खरं तेच आहे. सकाळी डबे भरून झाले, मुलं शाळेत गेली, की मी टेबलापाशी बसते. समोर चार गठ्ठे असतात. पहिल्यातलं पुस्तक उघडते, दोन पानं वाचते, मग वाटतं हे नको, दुसरं बरं. दुसरं उघडते. साडेनऊला ऑफिसला निघते तेव्हा सगळी पुस्तकं उघडी असतात आणि डोक्यात काही नसतं.

आपली नेटवर्किंगची परीक्षा सात आठवड्यांवर आली आहे. तारीख आपण दोघांनी एकाच दुपारी घेतली होती, जेवणाच्या सुट्टीत, शेजारशेजारच्या दोन स्क्रीनवर. दोघांना एकच दिवस आणि एकच सेंटर मिळालं. "चला, म्हणजे सोबत जाऊ आणि सोबत नापास होऊ," असं तू म्हणालास आणि माझ्या डब्यातली शेवटची कोलंबी उचललीस. आता तुझी खुर्ची रिकामी राहील की तिथे दुसरं कोणी बसेल, हे कोणाला विचारायचं ते मला माहीत नाही. तुझी तारीख रद्द करायला तुझाच पासवर्ड लागतो.

नायगावला विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्रिसरण, पंचशील झालं. तुझे मामा बोलले, चाळीतले दोघं-तिघं बोलले. तू लोकांचे ऑनलाइन फॉर्म कसे भरून द्यायचास, कोणाचा फोन बंद पडला की कसा तासभर घेऊन बसायचास, असं सगळे नीट बोलले. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, सुगतने आणि मी अकरा वर्षं एका खोलीत काम केलं. त्यापुढे एक वाक्य सुचेना. शेवटी मी सांगायला लागले की तू बीजीपी किती सोपं करून सांगायचास. बीजीपी म्हणजे काय हे समोर कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मग तेही सांगायला लागले, की एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कला कळवतं, अमक्या ठिकाणी जायचं असेल तर माझ्याकडून रस्ता आहे. पांढऱ्या साड्यांतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मध्येच लक्षात आलं की आपण भलतंच काहीतरी बोलतोय, आणि मी खाली बसले. वहिनी, तुझी वैशाली, पहिल्या रांगेत होती. तिने मान हलवली. समजून की रागाने, ते मला कळलं नाही.

तसं मला आपल्या गोष्टीतलं बरंच काही कधी कळलं नाही.

मी परळच्या आपल्या ऑफिसात आले तेव्हा नेटवर्कच्या खोलीत बाई म्हणून मी एकटी होते. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एका शाखेचं नेटवर्क बंद पडलं. मी एक ओळ चुकीची टाकली होती, आणि ठाण्याकडचं एक अख्खं ऑफिस दुपारभर बसून राहिलं. मला वाटलं होतं तू सांभाळून घेशील. तू मला वाचवलं नाहीस. मी काय केलं ते तू मला ओळीने कागदावर लिहायला लावलंस आणि तो कागद साहेबांसमोर मलाच वाचायला लावलास. वाचून झाल्यावर साहेब एवढंच म्हणाले की हिने लिहिलंय तसं सगळ्यांनी लिहीत जा. तुझा राग मला महिनाभर होता. त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी एकदाही चूक लपवली नाही. म्हणजे ऑफिसातली. हे शब्द मुद्दाम टाकलेत, पुढे सांगते.

मोठी परीक्षा द्यायचं दोन वर्षांपूर्वी ठरलं. खालच्या दोन आपण कधीच पास झालो होतो. ही सगळ्यात वरची, आधी लेखी आणि मग दिवसभराची प्रॅक्टिकल. साहेबांनी सांगितलं होतं की पास होईल त्याला डिझाइनच्या टीममध्ये घेऊ. माझ्यासाठी त्याचा अर्थ होता की शिफ्ट सुटणार, मुलं घरी येतील तेव्हा मी घरी असणार. तुझ्यासाठी काय होता ते तू तेव्हा बोलला नाहीस.

तू परीक्षेचा अभ्यासक्रम छापून घेतलास, सात-आठ पानं, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केलीस. एक जाड पुस्तक, ऑफिसातून निकालात निघालेले तीन राउटर, बस्स. मी मात्र सगळं जमवत गेले. कोणी म्हणालं अमक्याचे व्हिडिओ चांगले, ते घेतले. कोणी म्हणालं ते जुने झाले, दुसरे घेतले. अधिकृत पुस्तकाचे दोन भाग, एका मुलाने पास झाल्यावर विकायला काढलेल्या नोट्स, पाठ करायच्या प्रश्नोत्तरांच्या कार्डांचा संच. फोनमध्ये चार ग्रुप, तिथे रोज नवी पीडीएफ. आई परळच्या बाजारात मासळी घेऊन बसते, तिला टोपलीवर एकदा हात फिरवला की पापलेट कसं आहे ते कळतं. तिच्या पोटी मी अशी कशी जन्मले, हे तूच एकदा विचारलं होतंस. मी हसले होते. खरं म्हणजे मला भीती वाटायची. नापास झाले तर निदान असं व्हायला नको की एक चांगलं पुस्तक होतं आणि नेमकं तेच मी वाचलं नाही.

गेल्या वर्षी तुमची बीडीडी चाळीतली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली. तुम्ही भोईवाड्याला भाड्याने जाणार होता. निघायच्या आधीच्या शनिवारी सकाळी तू मला सगळं सामान घेऊन बोलावलंस, अभ्यासाचं. खोलीत अर्ध्या वस्तू खोक्यांत गेल्या होत्या. वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तू पलंगावर माझी पुस्तकं मांडलीस, लॅपटॉपवर व्हिडिओ लावलास आणि म्हणालास, एकच विषय घेऊ, तो सगळीकडे वाचू. बीजीपीत राउटर अनेक रस्त्यांतून एक कसा निवडतो, एवढंच.

चार तास लागले. अधिकृत पुस्तकात सगळं होतं, पण वाचताना झोप येत होती. व्हिडिओतला माणूस इतकं गोड बोलायचा की ऐकताना सगळं पटायचं आणि बंद केला की काही आठवायचं नाही. नोट्समध्ये नुसती यादी होती, पहिलं हे बघ, दुसरं ते बघ. आणि तुझं ते जाड पुस्तक, ज्याची नवी आवृत्ती निघालेलीच नाही, त्यात लेखक सारखा विचारायचा की राउटरने हे आधी का बघावं, ते आधी का नाही. मला त्याचा कंटाळा आला. तू खूश होतास.

"जे वाचून तुला प्रश्न पडतो ते ठेव," तू म्हणालास. "जे वाचून सगळं समजलं असं वाटतं, ते बाजूला काढ."

मी म्हटलं, परीक्षेत उत्तरं द्यायची असतात रे, प्रश्न नाही. त्यावर वहिनी भांडी गुंडाळता गुंडाळता हसली आणि म्हणाली, याला कुकरच्या पुस्तकातपण प्रश्न पडतात. त्या दिवशी आपलं काहीच ठरलं नाही. मी जेवढी पुस्तकं आणली तेवढी सगळी परत नेली, वर तू तुझ्याकडच्या जुन्या वह्यांचा एक गठ्ठा दिलास. चौथा गठ्ठा तो.

हा वाद आपण नंतर वर्षभर घातला. जेवताना, चहाला जाताना, हिंदमाताच्या पुलाखालून चालताना. तो संपला नाही. मला वाटायचं, परीक्षा झाली की कोण बरोबर ते कळेल.

मग साटमने ती फाइल पाठवली.

साटम आपल्याच खोलीतला, तीन महिन्यांपूर्वी पास झालेला. परीक्षेतले खरे प्रश्न कोणीतरी चोरून बाहेर काढतं, उत्तरांसकट फिरवतं, त्याला सगळे डम्प म्हणतात. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. साटमने फाइल दिली आणि म्हणाला, दोनशेच्या वर प्रश्न आहेत, पाठ कर, लेखी तरी निघून जाईल. मी ती घेतली आणि त्याच दुपारी तुला सांगितलं. मला वाटलं तू हसशील, नाहीतर भाषण देशील. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास.

मग तू जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

"कॉलेजपासून मला ऐकवलंय, तुझं काय, तुम्हाला सोपंच आहे. नोकरीला लागलो तेव्हाही एकाने विचारलं, कोट्यातून का. ही कंपनी खासगी आहे, इथे कोटा नाही, तरी विचारलं. मला एक परीक्षा अशी पाहिजे हर्षदा, जिच्यावर कोणाला बोट ठेवता येणार नाही. एकच."

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं तू मला चोर म्हणतोयस. मी म्हणाले, तुझं कारण तुझ्यापाशी. तू घरी गेलास की टेबलावर चहा येतो आणि दोन तास तुला कोणी हाक मारत नाही. मी घरी गेले की आधी ओटा पुसते, मग पोळ्या, मग मुलांचा अभ्यास, मग माझा, तोही डोळे मिटत असताना. तुझ्यासारखं एका प्रश्नावर चार तास बसायला मला कोणी दिलंय का? मला शिफ्ट सोडायची आहे. कशी सुटते याच्याशी मला घेणं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरोबर आहे तुझं."

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तुझं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि दोन्ही एका टेबलावर ठेवली की काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. चारेक दिवस आपण कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी मी तुला म्हणाले की ती फाइल मी काढून टाकली. तुझा चेहरा इतका मोकळा झाला की मला पुढे काही बोलता आलं नाही. मी ती काढली नव्हती, सुगत. फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली होती, आणि त्या फोल्डरला नाव दिलं होतं 'लाइट बिल'.

हे तुला सांगायचं होतं. परीक्षा झाल्यावर सांगणार होते, पास झाले असते तरी आणि नसते तरी. मग तुला ताप आला. सोमवारी तू म्हणालास की साधा व्हायरल आहे, गुरुवारपर्यंत येतो. गुरुवारी तुला दाखल केलं, आणि शनिवारी वहिनीच्या भावाचा फोन आला. मी तेव्हा मुलाच्या शाळेच्या फाटकाशी उभी होते. मी त्यांना दोनदा विचारलं, कोणता सुगत?

परवाच्या शनिवारी वहिनीने मला भोईवाड्याला बोलावलं. म्हणाली, त्याची पुस्तकं तुझ्या उपयोगाची असतील तर ने, आणि लॅपटॉपमध्ये काय ठेवायचं, काय काढायचं ते मला कळत नाही, तू बघ. मी गेले. तुझं टेबल तसंच होतं, राउटर एकावर एक रचलेले, त्यांच्या वायरींना तू चिकटवलेल्या निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या. वहिनीने चहा केला. दोघी थोडा वेळ तुझ्या औषधांच्या पिशवीबद्दल बोललो, ती टाकायची की ठेवायची. मग मी लॅपटॉप उघडला.

तुझे फोल्डर अभ्यासक्रमाच्या क्रमाने होते. एक, दोन, तीन, सगळं जागच्या जागी. सगळ्यात खाली एक बिनक्रमांकाचा फोल्डर होता. त्यात साटमची फाइल होती. तीच. आपलं भांडण झालं त्यानंतर चार दिवसांनी डाउनलोड केलेली.

मी ती तारीख किती वेळ बघत बसले ते मला सांगता येणार नाही. चार दिवसांनी म्हणजे मी तुला 'काढून टाकली' म्हणाले त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे तुझा चेहरा मोकळा झाला तेव्हा ती तुझ्याकडे होती. मग तो मोकळा कशाने झाला? मी काढली म्हणून, की माझ्याकडे आता नाही आणि तुझ्याकडे आहे हे मला कळलं नाही म्हणून? मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि लगेच असंही वाटलं की हसावं, जोरात हसावं, पण बाजूला वहिनी होती.

फाइलच्या शेजारी तू एक छोटी नोंद ठेवली होतीस. प्रश्नांचे क्रमांक आणि समोर 'बरोबर' किंवा 'चूक'. एकपासून एकेचाळीसपर्यंत. पुढे काही नाही. नऊ ठिकाणी 'चूक' होतं.

मी वहिनीला म्हणाले, मला जरा हे बघू दे. तुझे राउटर चालू केले आणि ते नऊ प्रश्न एकेक करून लावून पाहिले. सातांमध्ये फाइलमधलं उत्तरच चूक निघालं. मला हायसं वाटलं. म्हणजे तू ती पाठ करत नव्हतास, ती तपासत होतास, कदाचित मला दाखवायला की बघ, कशावर विसंबतेयस. पण उरलेल्या दोनांमध्ये फाइल बरोबर होती. मग ते 'चूक' कोणाचं? तू स्वतःची परीक्षा घेत होतास आणि ते दोन तुझे चुकले होते? तसं असेल तर बाकीच्या सातांचं काय? आणि एकेचाळीसला तू का थांबलास? कंटाळलास, लाज वाटली, की ताप आला? मी कागदावर रकाने काढले, तू शिकवलंस तसे. काहीच जुळेना.

वहिनी इतका वेळ दारात उभी होती. ती आत येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "एक विचारू? तो पास झाला असता का?"

मी म्हणाले, हो. नक्की झाला असता.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस," ती म्हणाली. "दोन वर्षं तो या टेबलाशी बसला. लग्नांना गेला नाही, माझ्या माहेरी आला नाही. मी म्हटलं, असू दे, काहीतरी मोठं करतोय. पण काय करतोय ते मला कधी नीट कळलं नाही. मागच्या महिन्यात तर तुझं नाव काढलं की गप्प व्हायचा. तुमचं काय झालं होतं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. साटमची फाइल, चहाच्या टपरीवरचं भांडण, तू कोट्याबद्दल बोललास ते, मी तिच्या चहाबद्दल बोलले ते. माझं खोटं. आणि आता सापडलेली तुझी फाइल. सांगताना मला वाटत होतं की ही आता उठेल आणि मला जा म्हणेल. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडे होती, त्याच्याकडेपण होती, आणि दोघं एकमेकांपासून लपवत होता."

मी म्हणाले, हो, पण त्याने कशासाठी ठेवली होती ते मला कळत नाहीये.

"मला कळतं का? मी तर त्याच्या घरात होते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "घाबरला असेल गं. तू घाबरलीस तसाच. तो बोलायचा नाही, एवढंच."

तू घाबरला असशील हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. अकरा वर्षं मी तुला न घाबरणारा माणूस समजत होते आणि त्या आधारावर स्वतः घाबरत होते. वहिनीचं खरं असेल किंवा नसेल. तू असतास तर विचारलं असतं, आणि तू बहुतेक विषय बदलला असतास.

घरी आल्यावर मी 'लाइट बिल' काढून टाकलं. यात मोठेपणा काही नाही. त्या फाइलमध्ये एकेचाळीसांपैकी सात उत्तरं चुकीची आहेत हे आता मला माहीत आहे, आणि पुढच्यांत किती असतील ते माहीत नाही. शिवाय पास झाले तर कशाने झाले हे मला स्वतःला तरी कळायला हवं. शिफ्ट मला अजूनही सोडायचीच आहे. तुझ्या लॅपटॉपमधली मी काढली नाही. ती काढायची की ठेवायची हे वहिनीने ठरवावं, आणि तिने अजून ठरवलेलं नाही.

तुझं जाड पुस्तक मी आणलं. ते चांगलं आहे म्हणून आणलं की तुझं आहे म्हणून, ते मला सांगता येत नाही. तुझी एकही खूण त्यात नाही, तू पुस्तकावर लिहीत नव्हतास. राउटरही वहिनीने दिले. माझ्या नवऱ्याने ते टॅक्सीतून आणले आणि खिडकीखाली मांडून दिले. त्याने काही विचारलं नाही, पण आता सकाळचे डबे तो भरतो. हे मी त्याला दोन वर्षांत एकदाही मागितलं नव्हतं.

आज सकाळी मी तेच प्रकरण काढलं, चाळीतल्या खोलीत आपण सगळीकडे वाचलेलं. रस्ता निवडण्याचं. तुझे राउटर जोडून लॅब लावली आणि अडकले. पुस्तक म्हणत होतं एक, राउटर करत होता दुसरं. मी तासभर तेच बघत बसले, मग फोन उचलला आणि तुला मेसेज टाकला, 'अरे हा लांबच्या रस्त्याने का जातोय?' टाकला आणि मग लक्षात आलं. मिटवणार होते, तेवढ्यात उत्तर आलं.

तुझा फोन वहिनीकडे आहे. तिने लिहिलं होतं, "मी आहे, वैशाली. मला कळणार नाही. तरी लिही."

मी सॉरी म्हणाले, चुकून गेला म्हणाले. तिने पुन्हा लिहिलं, "लिही गं. दोन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. आता तू सांग."

मग मी लिहिलं. एकही इंग्रजी संज्ञा न वापरता लिहायला अर्धा तास लागला. एका राउटरला एकाच ठिकाणी जायचे दोन रस्ते दोन शेजाऱ्यांनी सांगितले आहेत. दोन्ही रस्ते बाकी सगळ्या बाबतीत सारखे आहेत. अशा वेळी आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडायचं ज्याचं दार जवळ, तो रस्ता त्याने घ्यायला हवा, असं पुस्तक म्हणतं. माझा राउटर मात्र लांबच्या दाराने जातोय, आणि का ते मला कळत नाही. पाठवून दिलं. मला तिच्याकडून काही नको होतं. एवढं नीट मी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काही आलं नाही. मी ऑफिसची पिशवी भरली, केस बांधले. दाराशी चपला घालत होते तेव्हा फोन वाजला. वहिनीने एकच ओळ लिहिली होती.

"ते दार जवळ आहे हे त्या राउटरला कोणी सांगितलं?"

मी चपला काढल्या आणि परत येऊन खिडकीखाली बसले. दोन्ही दारांपर्यंतचं अंतर राउटरला आकड्यांत द्यावं लागतं. मी दिलेलंच नव्हतं. कागदावर तेवढं जवळ काढलं होतं, सुगत. त्याला सांगायचं राहून गेलं होतं.